बेडशाच्या डोंगरातील दाते

मावळात जाणारा माणूस लोणावळ्याला उतरतो, कार्ल्याला एकवीरेचे दर्शन घेतो, जमल्यास भाजे लेण्यांकडे वळतो आणि परततो. बेडसे राहून जाते. कार्ल्याचा बोलबाला झाला आणि बेडसे डोंगराच्या पलीकडल्या अंगाला पडले, एवढेच त्याचे कारण. पण वाचकहो, आपण शेती करणारी माणसे आहोत. ज्या लेण्याच्या पायथ्याला अजूनही भातखाचरे आहेत, ते आधी पाहावे असे मी म्हणेन.

पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलने निघालात तर कामशेतला उतरावे. तेथून पवनानगरकडे जाणाऱ्या रस्त्याने आठ-दहा किलोमीटरवर बेडसे गाव येते. समोर तिकोना आणि तुंग, पाठीशी लोहगड आणि विसापूर. आषाढ-श्रावणात गेलात तर सगळे खोरे हिरवे आणि चिखलाचे असते. लावणीला वाकलेल्या बाया, डोक्यावर इरले नाहीतर प्लॅस्टिकचा कागद, आणि बांधावर ठेवलेले आव्याचे गठ्ठे. इंद्रायणी हे भाताचे वाण येथलेच. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोराच्या रक्तातून ते निघाले आणि १९८७ मध्ये प्रसारित झाले. आज पुण्या-मुंबईच्या बाजारात मावळ म्हटले की इंद्रायणीचाच वास येतो.

गावातून वर जायला पायऱ्या आहेत, चारशेच्या आसपास. चढ मोडणारा नाही, म्हातारी माणसेही दम खात जातात. लेणी पूर्वेला तोंड करून आहेत, म्हणून सकाळी जावे. कोवळे ऊन थेट आत शिरते. दुपारनंतर दगड काळवंडतो आणि खांबांवरची नक्षी नीट दिसत नाही.

चैत्याच्या दाराशी पोचलात तरी चैत्य लगेच दिसत नाही. समोर दगडाची मोठी भिंतच ठेवलेली आहे आणि तिच्या मधल्या बोळातून आत जावे लागते. बोळ संपला की एकदम चार उंच खांब अंगावर येतात. घागरीतून वर निघालेले अष्टकोनी खांब, त्यांच्या माथ्यावर उलटे कमळ, आणि त्यावर घोडे, हत्ती, बैल. त्यांच्या पाठीवर स्त्री-पुरुषांच्या जोड्या बसलेल्या. बैलाचे वशिंड, गळ्याची पोळी, बसलेल्या जनावराने दुमडलेले पाय. ज्याने हे कोरले त्याच्या घरी गोठा होता यात मला शंका नाही. हे काम इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचे मानतात. म्हणजे दोन हजार वर्षे झाली.

आत दोन्ही बाजूंनी साध्या खांबांची रांग आणि टोकाला स्तूप. कार्ल्याला आणि भाज्याला छताच्या लाकडी कमानी अजून शाबूत आहेत, बेडशाच्या गेल्या. भिंतींवर आणि खांबांवर एके काळी रंगीत चित्रे होती. तीही १८६१ च्या सुमारास गेली. कोणी बडा अधिकारी पाहायला येणार म्हणून जागा स्वच्छ दिसावी या हौसेने ती पुसली गेली, असे जुन्या नोंदी सांगतात. साहेब येणार म्हटले की चुना मारायचा, ही आपल्या कचेऱ्यांची खोड जुनी दिसते!

शेजारी भिक्षूंच्या राहण्याचा विहार आहे. त्याचा मागचा भाग गोल आणि छत कमानीचे. विहार सहसा चौकोनी खोदत, असा गोल विहार फार विरळा. भोवती लहान लहान खोल्या, खोलीत दगडाचा ओटा. एका माणसाने एक घोंगडी अंथरून निजावे, एवढीच जागा.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. हा डोंगर कोणी खोदला, हे आपण विचारतो. पण खोदणाऱ्यांच्या पोटाला कोणी घातले आणि पुढे येथे राहणाऱ्यांच्या पोटाला कोणी घातले, हे सहसा विचारत नाही. बेडशाला तीन लेख कोरलेले आहेत. अक्षरे ब्राह्मी, भाषा प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीची आजी. तिन्ही लेख अगदी थोडक्या शब्दांचेच आहेत.

पहिला चैत्याच्या ओसरीत, एका खोलीच्या दारावर. नाशिकचा सेठी आनंद, त्याचा मुलगा पुसणक, त्याचे हे दान. संपले. किती रुपये दिले हे लिहिलेले नाही. नाशिक कोठे, बेडसे कोठे! त्या काळी बैलांच्या तांड्यांबरोबर घाट उतरणारे व्यापारी याच वाटांनी कोकणातल्या बंदरांकडे जात. पुसणकाचा माल या खोऱ्यातून गेला असेल, पावसात अडकला असेल, कोणी आसरा दिला असेल. हा माझा तर्क आहे, लेख यातले काही सांगत नाही.

दुसरा लेख पाण्याच्या टाक्यापाशी. महाभोजाची मुलगी, अपदेवणकाची पत्नी, महादेवी महारठिनी सामडिनिका हिचे हे दान. मोठ्या घरची बाई होती, पदव्यांवरून कळते. तिने मूर्ती दिली नाही की कळस दिला नाही, पाणी दिले. मावळात पाऊस धो धो पडतो आणि होळीनंतर डोंगरावर घोटभर पाणी मिळत नाही, हे येथल्या कुठल्याही सासुरवाशिणीला विचारा. दगडात खोदलेले टाके म्हणजे काय मोलाची वस्तू, हे त्या बाईला पक्के ठाऊक होते.

या मुलुखात पाणी हा आजही जिव्हाळ्याचा विषय आहे. पवना धरणात या खोऱ्यातल्या कितीतरी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. पुढे धरणाचे पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडकडे नेण्याच्या योजनेला विरोध करताना ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊर येथे गोळीबार झाला आणि तीन शेतकरी गेले, त्यात एक बाई होती. त्या रस्त्यापासून बेडशाचे टाके काही लांब नाही.

तिसरा लेख एका लहान स्तूपावर आहे. गोभूती नावाचा एक भिक्षू, रानात राहणारा, मागून आणलेल्या अन्नावरच जगणारा. त्याचा हा स्तूप त्याच्या असाळमित नावाच्या शिष्याने करविला. ज्याच्याजवळ झोळीखेरीज काही नव्हते, त्याचे नाव दगडावर राहिले.

हा तिसरा लेख मला सगळ्यांत बोलका वाटतो. पुसणकाने दान एकदा दिले, सामडिनिकेनेही टाके एकदाच खोदविले. पण गोभूतीला रोज जेवायला लागत होते. नाशिकचा सेठी काही रोज भात पाठवत नसणार. गोभूती आणि विहारातले त्याचे सोबती झोळी घेऊन खाली उतरत असतील ते पायथ्याच्या वाड्यावस्त्यांवरच. म्हणजे या लेण्याला खऱ्या अर्थाने पोसले ते येथल्या शेतकऱ्यांच्या चुलीने, आणि त्या घरांपैकी एकाचेही नाव कोठे कोरलेले नाही.

यात एक बारकावा आहे, तो शेतकऱ्यालाच कळेल. भिक्षू वर्षभर फिरत असत आणि पावसाळ्याचे तीन महिने एका जागी मुक्काम करीत. त्याला वर्षावास म्हणतात. हा नियम का पडला याची हकीगत त्यांच्या ग्रंथांत आहे. भिक्षू पावसात हिंडतात, कोवळे पीक-गवत तुडवतात, बारीक जीव मारतात, अशी लोकांनी कुरकुर केली. म्हणून बुद्धाने त्यांना पावसाळ्यात एका ठिकाणी राहायला सांगितले. शेतकऱ्यांच्या तक्रारीवरून धर्माचा नियम बदलला, असे दुसरे उदाहरण तुम्हाला माहीत असेल तर मला जरूर सांगा.

पण मंडळी, हिशेब करून पाहा. आषाढ, श्रावण, भाद्रपद. शेतकऱ्याच्या कणगीत दाणे सगळ्यांत कमी असतात ते याच महिन्यांत. जुना भात संपत आलेला, नवा अजून लोंबीतही नाही, पेरणी-लावणीत हातचे गेलेले, आणि कामाला माणसे जास्त म्हणून खाणारी तोंडेही जास्त. नेमके तेव्हाच डोंगरावरचे लोक मुक्कामाला असत आणि झोळी दारी येत असे. कार्तिकात, खळे भरलेले असताना, पायली देणे अवघड नाही. श्रावणात मूठ देणे अवघड. ते ज्यांनी केले असेल, त्यांनी ते खळ्यावरच बाजूला काढून ठेवलेले असणार. आयत्या वेळी उरेल ते देऊ म्हणणाऱ्याकडे श्रावणात काही उरत नाही.

ही अडचण त्या काळच्या मोठ्या दात्यांनीही ओळखली होती. कार्ल्याच्या लेण्यातल्या भिक्षूंच्या पावसाळी मुक्कामाची सोय म्हणून उषवदाताने करजिक नावाचे गावच लावून दिले. नावावरून आपल्याला कामशेतजवळचे करंजगाव आठवते, पण ते आठवण्यापुरतेच. हा उषवदात म्हणजे क्षत्रप नहपानाचा जावई, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभीचा. नाशिकच्या पांडवलेण्यात त्याचा लेख आहे आणि तो सहकारी पतपेढीच्या चिटणिसाने वाचावा असा आहे. गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणीकडे त्याने दोन हजार कार्षापण ठेव ठेवली. व्याज दरमहा शेकडा एक. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज खायचे. त्यातून त्याच्या लेण्यात पावसाळा काढणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण कापडासाठी द्यायचे. पेन्सिल घेऊन बसा : दोन हजारांचे महिन्याचे व्याज वीस, वर्षाचे दोनशे चाळीस, वीस भिक्षू गुणिले बारा, दोनशे चाळीस. एक नाणे इकडे नाही की तिकडे नाही. त्याच लेखात आठ हजार नारळाच्या झाडांच्या दानाचीही नोंद आहे.

आपल्या पुणे जिल्ह्यातच जुन्नरला गेलात तर आणखी घरचे वाटेल. तेथे धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिल्याचा लेख आहे. दुसऱ्या एका लेखात वीस निवर्तने जमिनीचे उत्पन्न करंजाची झाडे लावण्यासाठी आणि नऊ निवर्तने वडाची झाडे लावण्यासाठी दिले आहे. करंजाचे तेल दिव्याला, पेंड खताला, पाला जमिनीला. ज्याने हे झाड निवडले त्याला शेतीचे कळत होते.

दानाची ही रीत कुठल्या एका धर्माची नाही. नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले आणि पुढे खेड्यापाड्यांतून ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या. मंडळी हा शब्द ते लोक चर्चमध्ये जमणाऱ्या समाजाला वापरतात. नोकरीच्या निमित्ताने त्या भागात हिंडताना एका गावी हंगामाची उपासना पाहण्याचा योग आला. छोटेसे पत्र्याचे देऊळ. वेदीपुढे ज्वारीची कणसे, बाजरीच्या पेंड्या, गाजरे, भोपळे, अंड्यांची टोपली, पाय बांधलेली एक कोंबडी. उपासना झाल्यावर बाहेर लिंबाखाली लिलाव. एका म्हातारीने आणलेला भोपळा एकाने घेतला आणि पुन्हा लिलावाला ठेवला, दुसऱ्याने घेतला, त्यानेही परत ठेवला. एकच भोपळा तीन-चार वेळा विकला गेला. लोक हसत होते आणि म्हातारी पदर तोंडाला लावून बसली होती. नंतर पंचांपैकी एकाने वही उघडून वर्षाचा जमाखर्च मोठ्याने वाचला : पाळकांचा पगार, कंदिलाचे तेल, पत्र्याची दुरुस्ती, एका विधवेच्या मुलाची फी. फीचा आकडा वाचताना त्याने नाव घेतले नाही. सगळ्यांना ठाऊक होते, तरी घेतले नाही.

त्यांच्यात दशांशाची शिकवण आहे. दहा पोत्यांतले एक पोते देवाचे, आणि ते आधी काढायचे. प्रत्येक घर तसे देतेच असे नाही, हे तेच मोकळेपणाने सांगतात. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिले होते, की दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या कमाईप्रमाणे काही बाजूला काढावे, म्हणजे ऐनवेळी वर्गणी गोळा करायची पाळी येणार नाही. वर्गणीच्या पावतीपुस्तकाने गांजलेल्या कुठल्याही गावकऱ्याला हे पटेल! त्यांच्या जुन्या करारात आणखी एक नियम आहे : शेत कापताना कडेकोपरे अगदी साफ कापू नयेत, पडलेला सरवा वेचू नये, तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्यावा. सरवा वेचणे आपल्याकडच्या गरीब बायांना नवीन नाही. तेथे ते कायद्यात लिहून ठेवले, एवढाच फरक.

मिझोराममधल्या ख्रिस्ती घरांतून शंभराहून अधिक वर्षे एक प्रथा चालू आहे. स्वयंपाकाला तांदूळ घेताना बाई प्रत्येक वेळी एक मूठ बाजूच्या भांड्यात टाकते. आठवड्याचे साठलेले तांदूळ चर्चला जातात. हे ऐकून तुम्हाला कर्मवीर भाऊराव पाटलांचा मुष्टिफंड आठवला असेल. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू झाली, आणि वसतिगृहातल्या पोरांसाठी गावोगावच्या आयाबायांनी अशीच रोजची मूठ काढली. लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रासकट दागिने दिले, ते आपण भाषणांत सांगतो, सांगायलाच हवे. पण मंगळसूत्र एकदाच मोडता येते. त्या पोरांना वर्षानुवर्षे जेवू घातले ते या मुठींनी. आणि येथे मावळातच, तळेगाव दाभाड्याला, अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागून जमवलेल्या पैसा फंडातून १९०८ मध्ये काचेचा कारखाना निघाला.

आता बेडशाच्या खोऱ्यात आजही देण्याची रीत मोडलेली नाही. गावोगाव हरिनाम सप्ताह होतो, घरटी तांदूळ जमतात, पंगती उठतात. पण देऊळ बांधले की भिंतीवर तैलरंगात देणगीदारांची यादी लागते, वरती मोठी रक्कम, खाली लहान, आणि शंभराच्या आत असेल तर जागा नाही. पुसणकाच्या लेखात रक्कम नाही हे मी मुद्दाम सांगितले ते याचसाठी. त्याला नाव कोरायचा मोह झालाच, मोह कोणाला नाही! पण आकडा त्याने गाळला.

काळजीची गोष्ट वेगळीच आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना भातखाचरांचे तुकडे पडून बंगले उभे राहत आहेत. विकणाऱ्याला दोष देणे सोपे आहे. मुलीचे लग्न, दवाखाना, मुलाची नोकरी, कारणे खरी असतात. काही तरुणांनी हरितगृहे घालून गुलाब केला, त्यांचे बरे चालले आहे. पण बंगलेवाला शनिवारी येतो आणि रविवारी जातो. सप्ताहाला तो एकदम अकरा हजार देईल, पंगतीत पत्रावळ वाढायला मात्र नसेल. गावचे पाणी कधी सोडायचे, कोणाचा बांध फुटला, कोणाच्या घरी आजारपण आहे, हे त्याला कळायचे कसे? एखाद्या गावच्या पंचांना मी विचारतो, आता पैसे जास्त जमत असतील ना? ते म्हणतात, ‘‘पैसं जमत्यात साहेब, मानसं जमत न्हाईत.’’

तुम्ही जाल तेव्हा पिण्याचे पाणी बरोबर न्या, टाक्यातले पिऊ नका. चैत्यात फार बोलू नका, आवाज घुमतो आणि वटवाघळे उठतात. मुलांच्या हातात खडू-कोळसा देऊ नका, खांबांवर हल्लीच्या दात्यांनी पुष्कळ नावे लिहून ठेवली आहेत. विहार पाहून झाला की शेजारची अर्धवट सोडलेली खोदाई बघायला विसरू नका. छिन्नीचे घाव अजून तसेच आहेत, तिरपे, एकाला लागून एक, नांगराच्या तासासारखे. दगड नासका निघाला की पैसा संपला, कोणाला ठाऊक. खाली उतरल्यावर गावात कोणाकडे इंद्रायणी विकत मिळते का विचारा. शेतकऱ्याच्या घरून घेतलेला तांदूळ बाजारापेक्षा स्वस्त पडतो, आणि नवा आहे की जुना हे तो खरे सांगतो.